हळू दाबा, बबडी झोपलीय

घरातल्या जीपचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली जातं, ही बातमी पहिल्यांदा सूनबाईंनी दिली, आणि घोटाळा तिथेच झाला. हीच बातमी सासऱ्यांनी दिली असती तर चहा गार व्हायच्या आत गॅरेजवाला दारात उभा असता. पण सूनबाई म्हणजे गॅस बंद आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून, फाटकापर्यंत जाऊन, परत येऊन पुन्हा बघणारी बाई. तिला दुधाला वास येतोय असं वाटायचं, पंखा डुगडुगतोय असं वाटायचं, बबडीचं अंग किंचित कोमट लागतंय असं वाटायचं. तिच्या या सगळ्या वाटण्यांना घरात एकच ठरलेलं उत्तर होतं: "तुला उगाच वाटतं." नवरा ते मोबाइलमधून मान वर न करता द्यायचा, सासरे चष्मा पुसत द्यायचे, आणि सासूबाई काही न बोलता नुसत्या बघायच्या. तिघांत ते बघणंच जास्त लागायचं.

आता ब्रेकचं तिला कसं कळलं, तर बबडीमुळे. बबडी ही तिची मुलगी, नुकती चालायला लागलेली, आणि दुपारची झोप या विषयावर ठाम मतं असलेली. मांडीवर, पाळण्यात, खांद्यावर ती झोपत नसे. ती झोपायची फक्त जीपमध्ये. ती जुनी, चारही चाकांनी ओढणारी, घरघरणारी जीप सुरू झाली, की कॉलनीच्या दुसऱ्या वळणापर्यंत बबडीची मान कलंडलेली असायची. म्हणून रोज दुपारी मागच्या सीटवर बबडीला तिच्या छोट्या खुर्चीत बांधून सूनबाई कॉलनीला प्रदक्षिणा घालायच्या. लोकांना वाटायचं, बाई गाडी शिकतायत.

झोपलेलं मूल मागे असताना गाडी थांबवणं ही एक वेगळीच कला आहे. ती कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. ब्रेक दाबायचा नसतो, त्याच्यावर पाय नुसता ठेवायचा असतो, भरलेली वाटी उचलावी तसा, आणि मग हळूहळू वजन सोडायचं. गाडी थांबली हे गाडीलासुद्धा कळता कामा नये. तर असंच एकदा घराच्या फाटकाशी, जिथे जरासा उतार आहे तिथे, ती अलगद थांबली आणि कुणी फाटक उघडतंय का याची वाट बघत बसली. आणि तिच्या पायाखालचं पेडल खाली निघालं. गचकन नाही. लिफ्ट जशी शांतपणे तळमजल्याला जाते तसं. जीपही तितक्याच शांतपणे पुढे सरकली आणि फाटकाला टेकली. तिने घाईघाईने हँडब्रेक ओढला. मग पाय उचलून पुन्हा दाबून बघितला, तर पेडल वर, टणक, जणू काही झालंच नाही.

तिला भीती वाटली हे खरं. पण भीतीच्या पाठोपाठ तिला कुतूहलही वाटलं, आणि हे तिलाही नवीन होतं. हे पेडल जातं कुठे?

संध्याकाळी तिने विषय काढला. तो काढणं भागच होतं, कारण येत्या रविवारी सगळं घर त्याच जीपमधून घाट उतरून नणंदेच्या नव्या घरी जाणार होतं. चालवणार होते सासरे.

"पेडल खाली जातं?" सासरे म्हणाले. जीप त्यांची होती. त्यांनी ती उमेदीच्या काळात घेतली होती आणि उमेद गेल्यावरही ठेवली होती. "चला, बघू."

ते सीटवर बसले, पाय वर उचलला आणि असा हाणला की बोनेटवर झोपलेलं मांजर खाली उतरून निघून गेलं. पेडल जागचं हललं नाही.

"दगड आहे, दगड," सासरे म्हणाले.

मग नवऱ्याने हाणला. दगडच.

"बघितलंस?" नवरा म्हणाला. "तुला उगाच वाटतं."

"अरे, पण मी दाबते तेव्हा जातं."

"मग तू दाबून दाखव."

तिने दाबून दाखवला. पण सगळे टक लावून बघत असताना माणूस कुठलीच गोष्ट नेहमीसारखी करत नाही. तिनेही चांगला जोर लावून दाबला. पेडल टणक राहिलं. सासूबाई नुसत्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण जीपवर त्यांचा एक प्रकारचा हक्क होता. पूर्वी कधीतरी त्यांची गाडी चरात गेली असताना याच जीपने, गिअरच्या दांड्याशेजारचा तो दुसरा छोटा दांडा पुढे टाकून, चारही चाकांच्या जोरावर ती बाहेर ओढली होती. त्या दांड्याचा जीपच्या आयुष्यातला तो एकमेव उपयोग. तेव्हापासून काका जीपच्या तब्येतीची चौकशी करत, आणि सासरे तो प्रसंग त्यांना सांगत, जणू काका तिथे नव्हतेच.

"पेडलचा काही दोष नसतो," काका म्हणाले. "दोष चपलेचा. जाड तळव्याची चप्पल घातली की पायाला कळतच नाही कुठपर्यंत दाबलंय ते. वहिनी, तुम्ही अनवाणी चालवून बघा."

तिने अनवाणी चालवून बघितली. पेडल तसंच खाली गेलं, वर टाच भाजली.

तरी काका हटले नाहीत. त्यांनी लख्ख उन्हात टॉर्च लावून जीपखाली डोकं घातलं, आणि बाहेर आले ते एक ओलं बोट उंच धरूनच.

"सापडलं. पेडलच्या बरोबर खाली थारोळं आहे. ब्रेक ऑइल गळतंय. वास घ्या, गोडसर येतो."

सगळ्यांनी आळीपाळीने काकांच्या बोटाचा वास घेतला. सूनबाईंना धास्ती होतीच, पण त्यात थोडा आनंदही होता. शेवटी एकदाचा पुरावा मिळाला. सासूबाई पुढे झाल्या, त्यांनी वास घेतला आणि पहिल्यांदाच या प्रकरणात तोंड उघडलं.

"बबडीचं दूध आहे. कालचं."

सीटखाली घरंगळलेली बाटली निघाली. काकांनी बोट रुमालाला पुसलं. पुसलं त्यांनी स्वतःचं बोट, पण त्याबरोबर सूनबाईंची बाजूही पुसली गेली.

तरीही नवऱ्याने गॅरेजवाल्याला बोलावलं. बायकोवर विश्वास ठेवला म्हणून नव्हे, तर "एकदा दाखवून टाकू, म्हणजे तुझ्या डोक्यातून जाईल" म्हणून. गॅरेजवाला हा दांडगा, हसरा आणि एका मताचा माणूस होता. ते मत म्हणजे ‘एअर’, ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा. ब्रेक लागत नाही, एअर आहे. ब्रेक जास्त लागतो, एअर आहे. त्यानेही आधी पाय हाणून बघितला.

"ताई, पेडल तर मस्त आहे."

"हळू दाबलं की जातं हो, दादा."

"एअर असेल. काढून टाकू."

एअर काढली. मग चाकं उघडलीच आहेत तर ब्रेकचे लायनर बघू, म्हणून बघितले, आणि बघितलेच आहेत तर बदलू, म्हणून बदलले. ते बदलताना पुढच्या चाकांच्या आतलं काहीतरी सुटं झालं, ते परत बसवलं, आणि तेव्हापासून तो छोटा दांडा नुसता हात लावला तरी दाढदुखीसारखा कण्हू लागला. सासरे दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. इतकी वर्षं ज्या दांड्याने तक्रार केली नाही, तो सूनबाईंच्या एका वाटण्यापायी दुखावला गेला होता.

आणि पेडल? लायनर नवे घातल्याने ते आता जास्त उंचावर लागत होतं. त्यामुळे दुपारी फाटकाशी ते खाली गेलं तेव्हा आणखी लांबचा प्रवास करून गेलं.

इथे दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. ती गप्प बसली, पण स्वस्थ बसली नाही. कॉलेजात तिने प्रयोगशाळेत बऱ्यापैकी दिवस काढले होते, आणि वस्तू एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दुसरं का करते, हा प्रश्न तिथे पडला की बाई शाबासकी देत. घरात कुणी देत नव्हतं इतकंच. तिने बबडीचे लाकडी ठोकळे घेतले, उभ्या जीपमध्ये पेडलच्या शेजारी एकावर एक रचले. खाली निळा, मधे पिवळा, वर लाल. बबडी शेजारच्या सीटवर बसून हॉर्न वाजवायला मिळेल या आशेवर शांत होती.

आधी तिने घरातल्या पुरुषांसारखा दाबला. पेडल लालपाशी येऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. मग तिने दुपारच्यासारखा दाबला, पाय नुसता ठेवून. पेडल लालपाशी आलं, जरा थबकलं, आणि मग पिवळ्यावरून निळ्याकडे निघालं. निळ्याच्या खाली जमीनच होती. बबडीने ठोकळे पाडले. सूनबाईंनी पुन्हा रचले, पुन्हा दाबलं. जोरात, लाल. हळू, जमीन. जोरात, लाल. हळू, जमीन. ती इतकी रमली की बबडीने हॉर्नवर दोन्ही हात ठेवल्याचंही तिला उशिरा कळलं.

म्हणजे या पेडलला दरडावलं की ते जागेवर उभं राहत होतं, आणि गोडीत घेतलं की निसटत होतं. बबडीचा स्वभाव नेमका उलटा. पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा असा, की घाट उतरताना ब्रेकवर कुणी पाय हाणत नाही. घाट उतरताना पाय ब्रेकवर हलकाच असतो, आणि बराच वेळ असतो. हे लक्षात आलं तेव्हा तिच्या हातातला लाल ठोकळा गार पडल्यासारखा वाटला.

ती धावत घरात गेली. सासरे पेपर वाचत होते.

"बाबा, जोरात दाबलं तर काही होत नाही. हळू दाबा. हळू दाबून धरा."

"हळू?" सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. "अगं, ब्रेक आहे तो. पाहुण्याच्या दाराची बेल नव्हे."

"मी ठोकळे लावून बघितलं."

हे वाक्य बोलायला नको होतं, हे तिला ते पूर्ण व्हायच्या आधीच कळलं.

त्यातच जीपची वार्षिक तपासणी आली. गाडी जुनी झाली की तिला दरवर्षी सरकारी कचेरीत नेऊन ती अजून गाडी आहे असं लिहून घ्यावं लागतं. सासरे निघाले, आणि सूनबाई बबडीला सासूबाईंकडे देऊन बरोबर निघाल्या. सासऱ्यांना वाटलं, सुनेला अखेर गाडीची गोडी लागली. तिच्या मनात वेगळंच होतं. घरच्यांनी ऐकलं नाही, निदान सरकार तरी ऐकेल.

खिडकीतल्या माणसाला तिने सासऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "ही गाडी नापास करून घ्यायची असेल तर कुणाला भेटायचं?"

त्याने चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, लोक इथे पास करून घ्यायला येतात."

"हो, पण आम्हाला नापास हवीय."

"त्याची वेगळी खिडकी नाही," तो म्हणाला, आणि शेजारच्या माणसाला हळूच काहीतरी सांगितलं. मग तो शेजारचाही बघू लागला.

तपासणारे साहेब आले, जीपमध्ये बसले, अंगणात वेगाने नेली आणि असा ब्रेक मारला की चारही चाकांनी जमिनीवर रेघा ओढल्या. सासऱ्यांचा ऊर भरून आला.

"साहेब," ती पुढे झाली, "एकदा जरा हळू दाबून धराल का?"

"कशासाठी?"

"खाली जातं."

"मॅडम, नियमात ब्रेक दाबून बघणे असं आहे. हळू दाबून बघणे असं नाही." त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही विरुद्ध पार्टीच्या का?"

"आमच्या सूनबाई आहेत," सासरे म्हणाले. त्यांना हे सांगावं लागलं, याचं दुःख त्यांच्या आवाजात होतं.

काचेवर पास झाल्याचा नवाकोरा कागद चिकटला. घरी येईपर्यंत सासऱ्यांनी त्याला तीनतीनदा हात लावून बघितला. आता तिच्या विरोधात नुसतं घर नव्हतं, शासनही होतं.

म्हणून शुक्रवारी जेवताना तिने जे सांगितलं ते ऐकून पंखासुद्धा डुगडुगायचा थांबला असावा.

"रविवारी तुम्ही जीपने जा. मी बबडीला घेऊन बसने येते."

नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. "बाबा चालवणार आहेत गं."

"म्हणूनच नाही. बाबा चांगलंच चालवतात. गाडीचं म्हणतेय मी."

सासऱ्यांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले. नातीने आजोबांच्या जीपमध्ये बसायचं नाही, हे त्यांना साहेबांनी गाडी नापास केली असती त्यापेक्षाही जास्त लागलं होतं. आणि तिला ते दिसत होतं. बोलून चूक झाली का, हा प्रश्न तिला पडला. पण बबडीला त्या सीटवर बांधून घाटाच्या पहिल्या वळणाशी आपण कसे बसू, हे डोळ्यासमोर आलं, आणि तो प्रश्न तिथेच संपला.

शनिवारी दुपारी मात्र बबडीला झोप हवीच होती. कॉलनीचा रस्ता सपाट, गाडी माणूस चालेल इतक्या वेगात, आणि तिचा एक हात सतत हँडब्रेकवर. बबडी झोपली. ती फाटकातून आत आली, आतही तसाच पुढे जाणाऱ्या उतारावर हँडब्रेक घट्ट ओढला आणि इंजिन चालूच ठेवलं, कारण घरघर थांबली की बबडी उठायची. आणि अर्धवट झोपेतून उठलेली बबडी काय चीज असते हे घरातच नव्हे, पलीकडच्या गल्लीतही माहीत होतं. उताराच्या टोकाशी, दोन घरांमधल्या भिंतीला लागून, काका आपल्या कुंड्यांना पाणी घालत होते.

सासरे बाहेर आले. कालपासूनचा सगळा अबोला त्यांच्या चेहऱ्यावर होता. मागे नवरा, त्याच्या मागे सासूबाई.

"उतर," सासरे म्हणाले. "शेवटचं दाखवतो तुला. याच उतारावर धरून दाखवतो."

ती उतरली. ते बसले. त्यांनी हँडब्रेक सोडण्याआधी नेहमीप्रमाणे पाय वर उचलला, छातीत हवा भरली, आणि तेवढ्यात तिघांच्या तोंडून एकदम "श्श्श" निघालं. सासूबाईंचं सगळ्यात मोठं.

"बाबा," ती कुजबुजली, "बबडी झोपलीय."

पाय हवेतच थांबला. सासऱ्यांनी आरशात मागे बघितलं. नात तोंड उघडं टाकून झोपली होती. त्यांनी पाय अलगद खाली आणला, आयुष्यात पहिल्यांदाच, भरलेली वाटी उचलावी तसा, आणि हँडब्रेक सोडला.

जीप जागेवर थांबली.

"बघ," सासरे कुजबुजले.

ती बघतच होती, पण जीपकडे नव्हे, त्यांच्या गुडघ्याकडे. तो हळूहळू सरळ होत होता. मग सासऱ्यांनाही ते कळलं. त्यांची नजर आधी पायाकडे गेली, मग तिच्याकडे आली, आणि जीप निघाली. गोगलगायीच्या चालीने, कुंड्यांच्या दिशेने.

"थांबवा," काका कुजबुजले. काका कुजबुजू शकतात हे त्या दिवशी कळलं. झारी छातीशी धरून ते बाजूला झाले.

"बाबा, जोरात दाबा," नवरा कुजबुजला.

"उठेल ती," सासूबाई त्याच्यावर कुजबुजत ओरडल्या.

"हँडब्रेक," ती म्हणाली. "हळू."

सासऱ्यांनी हँडब्रेक ओढला, एकेक दात मोजत. कट्, कट्, कट्. जीप थांबली तेव्हा तिचा बंपर काकांच्या गुलाबाच्या कुंडीला टेकला होता आणि एक पान वाकलं होतं. बबडीने ओठ चाटले आणि मान दुसऱ्या बाजूला टाकली.

सासरे स्टिअरिंगला धरून बसले होते. समोर काचेवर तो पास झाल्याचा कागद होता. मग त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"गॅरेजवाल्याला बोलाव," ते मुलाला म्हणाले. "आणि त्याला सांग, हळू ये."

गॅरेजवाल्याने ब्रेकचं ऑइल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर खोलला. आतलं रबर कडेने झिजलं होतं. जोरात दाबलं की ते फुगून घट्ट बसायचं. हळू दाबलं की ऑइल त्याच्या बाजूने मागे पळायचं. बाहेर थेंबही गळत नव्हता, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. "मला शंका होतीच," गॅरेजवाला म्हणाला. काका म्हणाले, त्यांना तर पहिल्या दिवसापासून होती. आणि रविवारचं जाणं एक आठवडा पुढे ढकलताना सासरे फोनवर लेकीला म्हणाले, "पेडल जरा खाली जातंय असं मला वाटलं." सूनबाईंनी ते ऐकलं आणि बबडीचे ठोकळे डब्यात भरले. लाल ठोकळा मात्र तिने जरा जोरातच टाकला.

थोड्या वेळाने सासरे फोन ठेवून आले आणि तिच्यासमोर घुटमळले.

"ते ठोकळे," ते म्हणाले, "कसे रचले होतेस तू?"

नवा सिलिंडर बसला तेव्हा गॅरेजवाल्याने सवयीने पाय उचलला. सासऱ्यांनी त्याचा गुडघा धरला.

"तसं नाही. मागे मूल झोपलंय असं समजून दाब."

त्याने तसा दाबला. सासरे खाली वाकून ठोकळ्यांकडे बघत राहिले. बराच वेळ. पेडल लालपाशी होतं आणि लालपाशीच राहिलं.

पुढच्या रविवारी सगळे निघाले. बबडी कॉलनीच्या दुसऱ्या वळणावर झोपली. तिसऱ्या वळणावर सासऱ्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"सूनबाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "दाराला कुलूप मी लावलं ना?"

तिने त्यांना कुलूप लावताना बघितलं होतं. ओढून बघतानाही बघितलं होतं. आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून जिभेवर बसलेलं वाक्य तिच्या तोंडातून आपसूक गेलं.

"लावलंत, बाबा. तुम्हाला उगाच वाटतं."

आरशात सासऱ्यांचा चेहरा तिला दिसला. तो चेहरा तिच्या चांगलाच ओळखीचा होता. गॅस बघून फाटकापर्यंत गेल्यावर तो तिचा असायचा.

"मागे घ्या, बाबा," ती म्हणाली. "बघूनच येऊ."

"आता?" नवरा म्हणाला.

"हो, आता," सासूबाई म्हणाल्या.

परत फिरून जीप घराच्या फाटकाशी, त्याच उतारावर आली. सासऱ्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, नुसता ठेवला, आणि नवरा कुरकुरत कुलूप बघायला उतरला. इंजिन घरघरत होतं. सगळ्यांची नजर सासऱ्यांच्या गुडघ्यावर होती. तो जिथल्या तिथे होता.